भाल्याला लावलेली धार

सात फुटांहून लांब वस्तू घरात ठेवायची कुठे, या एका प्रश्नाने क्रांतीचं डोकं जेवढं खाल्लं तेवढं बी.एस्सी.च्या रसायनशास्त्रानेही खाल्लं नव्हतं. भाला कोपऱ्यात उभा केला तर पंख्याला घासायचा. कॉटखाली सरकवला तर शेपूट बाहेर राहायचं, आणि सासूबाई येसूबाई देवघराकडे जाताना त्यात पाय अडकून, "मारतीस का काय मला," म्हणून ओरडायच्या. माळ्यावर टाकला तर उतरवताना सगळी भांडी खाली यायची. शेवटी सोप्याच्या भिंतीवर, आबांच्या लष्करी पोशाखातल्या फोटोच्या वर, दोन खुंट्या ठोकल्या आणि भाला तिथे गेला. आबा म्हणजे क्रांतीचे सासरे, पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. खुंट्या त्यांनीच ठोकल्या. त्या दिवसापासून भाल्याचा ताबा आपल्याकडे आला असं त्यांनी मनात धरलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

भाला राजनंदिनीचा, क्रांतीच्या एकुलत्या एका लेकीचा. घरात ती नंदू. आष्ट्याजवळच्या त्यांच्या गावात नंदूने भाला हातात घेतला, तोही कुणाच्या मनात नसताना. तालुक्याच्या स्पर्धेत शाळेला भालाफेकीसाठी एक मुलगी दाखवायची होती. जागा रिकामी राहिली असती तर खेळाच्या सरांना वरून बोलणी बसली असती, म्हणून वर्गात सगळ्यांत उंच दिसली तिला उभी केली. भाला बांबूचा होता. नंदूने तो फेकला आणि तो मोजायला उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावरून पलीकडे गेला. माणसं टेप टाकून पळाली. गावात ही गोष्ट अजून तिखटमीठ लावून सांगतात. क्रांतीला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कुणाला लागलं असतं तर?

लागलं असतं तर, पडली असती तर, आजारी पडली तर, हे क्रांतीचं कायमचं. नवरा जयराज फौजेत, वर्षातून रजेवर यायचा तेवढाच. फोनवर तिने काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "तूच बघ की आता, मी इथनं काय सांगणार?" म्हणून सगळं तिनेच बघितलं. मुलीला सातारला भालाफेक शिकवणाऱ्या रविराज सरांकडे ठेवायचं की नाही हे तिनेच ठरवलं, वसतिगृहातल्या पातळ आमटीवरून भांडलीही तीच, आणि भाला घेऊन एस.टी.त चढायची शोभाही तिच्याच वाट्याला आली.

"ह्यो बांबू कुठं न्हेताय?" कंडक्टरने विचारलं होतं.

"बांबू नाही, भाला आहे. मुलगी खेळाडू आहे माझी."

"आसू दे की. पर ह्येला फुल तिकीट का हाफ?"

गाडीभर लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, हाफच घ्या, बारीक हाय त्यो." कंडक्टरने तिकीट फाडलं नाही, पण भाला सीटांच्या मधल्या वाटेत आडवा टाकायला लावला. पेठनाक्यापासून सातारा येईपर्यंत प्रत्येक चढणारा-उतरणारा तो ओलांडताना एक शेरा मारून गेला. नंदू खिडकीला डोकं लावून झोपली होती. मुलीला कशाचंच काही वाटत नाही, हा क्रांतीच्या वैतागाचा आणखी एक कप्पा होता.

नंदू फेकत गेली. जिल्हा झाला, राज्य झालं, मग एका वर्षी कनिष्ठ गटाच्या आशियाई स्पर्धेत तिने ब्राँझ पदक मिळवलं आणि क्रांतीच्या जिवाला नवा घोर लागला, तो सत्कारांचा. उघड्या जीपमध्ये नंदूला उभी केली, गळ्यात हारांची चळत, डोळ्यांत गुलाल, आणि हातात भाला. वर धर, वर धर, असं म्हणत मंडळाच्या पोरांनी तो तिला वेशीपासून चावडीपर्यंत डोक्यावर धरायला लावला. फेकून खांदा दुखला नव्हता तो मिरवणुकीत भरून आला. दुसऱ्या दिवशी क्रांती खांदा शेकत बसली होती आणि बाहेर आबा पुढच्या मंडळाला तारीख देत होते.

"आबा, तिचा खांदा दुखतोय."

"आगं, दुखणारच. पलटणीत आमी रायफल डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारायचो. ती तर शिक्षा असायची. हिचा सत्कार हाय."

क्रांतीने शेकायचं फडकं पुन्हा गरम करायला घेतलं.

मोठ्यांच्या गटातली पहिली परदेशातली स्पर्धा टीव्हीवर दाखवणार होते. सोप्यात अख्खी गल्ली जमली. आबा सगळ्यांत पुढे खुर्चीवर, फेटा बांधून. नंदू धावत आली, भाला सुटला, लांब गेला. सोप्यात टाळ्या पडल्या. मग पंचाने लाल झेंडा वर केला.

"लाल का दावला?" आबांनी विचारलं.

"भाला आडवा पडला, आबा," क्रांती म्हणाली. " टोक आधी जमिनीला टेकावं लागतं. शेपूट आधी टेकलं की फेक बाद."

"रुतला न्हाई म्हण की."

"रुतायला लागत नाही हो. टोक नुसतं आधी टेकलं तरी चालतं."

पण तोवर गल्लीतल्या प्रत्येकाने आपापलं मत द्यायला सुरुवात केली होती. कुणी म्हणालं वारा होता, कुणी म्हणालं परदेशी पंच आपल्या पोरींना असंच करतात. आबा मात्र खुंटीकडे बघत बसले. क्रांतीला वाटलं, नातीची फेक बाद झाली म्हणून वाईट वाटलं असेल.

त्याच स्पर्धेत नंदूचं कोपर दुखावलं. परत आली ती हात छातीशी धरूनच. मग सांगलीच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू झाल्या. पट्टा, व्यायाम, पुन्हा पट्टा. भारताच्या संघातलं नाव गेलं. गावातल्या बायका विहिरीवर, किराणा दुकानात, लग्नात, जिथे गाठतील तिथे क्रांतीला विचारायच्या, "मग आता बघताय का कुठं पोरीचं?" क्रांती हसून वेळ मारून न्यायची. रात्री मात्र तिच्या डोळ्यांपुढे नंदूचं कोपर यायचं. ही मुलगी पुन्हा फेकेल का? फेकलं तर पुन्हा दुखावेल का? दोन्हींची भीती तिला सारखीच वाटायची, आणि हे कुणाला सांगावं तर ऐकणारा म्हणणार, तूच बघ की.

वर्ष उलटलं. डॉक्टरांनी परवानगी दिली. रविराज सरांनी सातारच्या मैदानावर तिला हळूहळू पुन्हा तयार केलं. दसऱ्यानंतर लगेच पुण्यात निवड चाचणी होती. तिथे ठरलेल्या अंतरापलीकडे भाला गेला तर नंदू पुन्हा भारताच्या संघात, नाही गेला तर पुढचं कुणी सांगावं? संघात दुखणाऱ्या कोपरासाठी जागा राखून ठेवत नाहीत, एवढं क्रांतीलाही कळत होतं.

खंडेनवमीला नंदू भाल्यासकट घरी आली. क्रांती तिला घेऊन कोपर शेवटचं दाखवायला सांगलीला गेली आणि भाला खुंटीवर राहिला. चूक झाली असेल तर एवढीच.

संध्याकाळी दोघी परतल्या तेव्हा सोप्यात पूजा मांडलेली होती. ऊसतोडीचे कोयते, खुरपी, पहार, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली, येसूबाईंची विळी, सगळ्यांना हळदीकुंकू. स्कूटरला झेंडूचा हार. आणि मधोमध पाटावर भाला. त्याच्या अंगावर कुंकवाचे पट्टे ओढलेले, तेल चोपडलेलं, आणि टोकावर एक हिरवं लिंबू टोचलेलं.

"आबा!" क्रांतीच्या हातातली पिशवी खाली पडली. "मुठीला तेल लावलंत? हात घसरेल तिचा!"

"पुसून घे की. हत्याराला तेल लावाय लागतंय."

"हत्यार नाहीये ते. खेळाचं सामान आहे."

"भाला हत्यार न्हाई?" आबांनी येसूबाईंकडे बघितलं. "ऐकलंस का? शिकलेली माणसं काय म्हणत्यात बघ."

क्रांतीने मुठीची दोरी साबणाच्या फडक्याने पुसली, कोरड्या फडक्याने पुसली, मग पंख्याखाली धरली. ती लिंबू काढायला गेली तर आबांनी हात आडवा घातला.

"त्ये न्हाई काढायचं. वेस वलांडल्याबिगर न्हाई."

"लिंबात आम्ल असतं, आबा. धातूला लागतं ते."

"नजर लागती त्येच्यापरीस बरं की."

येसूबाई म्हणाल्या, "आसू दे गं. यवढं एक लिंबू काय जड झालंय तुला?" नंदू कोयत्यांपुढे मांडी घालून पेढा खात होती. ती म्हणाली, "आई, राहू दे ना." तिघांपुढे क्रांतीचं काय चालणार? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाला लिंबासकट त्याच्या लांब नळकांड्यात गेला. नळकांडं आबांनीच बंद केलं, भाड्याच्या जीपच्या टपावर स्वतः बांधलं, आणि वेशीपर्यंत जीपच्या मागे चालत आले.

सातारला रविराज सरांना घ्यायचं होतं. सर मैदानाच्या फाटकाशीच उभे होते. निघण्याआधी भाला एकदा बघून घेऊ म्हणाले. नळकांडं उघडलं, भाला बाहेर आला.

"हे काय आहे, ताई?"

"लिंबू," क्रांती शरमून म्हणाली. "आमच्या घरचं विचारू नका, सर. मी काढते."

तिने लिंबू ओढलं. ते निघालं, आणि तिच्या अंगठ्यातून रक्ताचा थेंब आला. भाल्याचं टोक सुईसारखं झालं होतं. ग्राइंडरच्या चकाकत्या रेघा त्यावर स्पष्ट दिसत होत्या. सरांनी भाला हातावर तोलला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कुणी घासलं हे?"

क्रांतीने लगेच घरी फोन लावला. आबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचला का? भाला उघाडला?" त्यांच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "म्या मुद्दाम सांगितलं न्हाई. बघून खूस हुईल पोरगी म्हणलं. टीव्हीवर बघितलं तवाच वळाकलं म्या, टोक बोथट हाय म्हणून रुतत न्हाई. वर्कशॉपात बसून डोळ्याम्होरं धार लावून घेतली. आन खंडेनवमीला बोथट हत्यार देवाम्होरं ठेवायचं, ह्ये काय बरं दिसतंय व्हय?"

क्रांतीला काय काय बोलावंसं वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. तिने श्वास घेतला तेवढ्यात नंदूने फोन काढून घेतला.

"आबा, लय भारी झालंय टोक."

"व्हय ना? आता बघ कसा रुततोय त्यो."

"व्हय, आबा. ठेवते."

क्रांती लेकीकडे बघतच राहिली. "भारी झालंय? अगं, भारी? टोक घासून काढलंय त्यांनी!"

"आता ते परत येणार आहे का, आई?"

सर म्हणाले, आधी वजन करू, कदाचित अजून नियमात बसत असेल. जवळ काटा कुठे मिळणार? कोपऱ्यावर कंदी पेढ्यांचं दुकान होतं. दुकानदाराने पेढ्यांचा ट्रे बाजूला केला, सरांनी भाला मधोमध तोलून काट्यावर आडवा ठेवला, दोन्ही टोकं काउंटरच्या बाहेर. गिऱ्हाइकं मागे सरकली.

"सहाशे ग्रॅम पाहिजे," सर म्हणाले.

दुकानदाराने वाकून आकडा बघितला. "न्हाई भरत, साहेब. दोन पेढे ठेवू का वर?"

बाकीचे हसले. नंदूही हसली. क्रांतीला तिथल्या तिथे रडू फुटेल असं वाटलं. सरांनी मग नीट समजावून सांगितलं. स्पर्धेआधी पंच प्रत्येक भाल्याचं वजन आणि माप घेतात. हा भाला हलका भरला, तेव्हा ते तो बाजूला ठेवणार. नंदूचा दुसरा भाला विमान प्रवासात पिचला होता, त्याच्या जागी नवा अजून आलेला नव्हता. आता मैदानावर सगळ्यांसाठी ठेवलेल्या भाल्यांपैकीच एक उचलून फेकायचा. प्रत्येक भाला वेगळा असतो, एखादा ताठ, एखादा लवचीक. सवय नसली की हात भलत्याच जागी ताण घेतो.

"म्हणजे कोपर," क्रांती म्हणाली.

सरांनी भाला परत नळकांड्यात घातला.

सातारा ते पुणे क्रांती एकटीच बोलत होती. खंबाटकीच्या बोगद्यातही थांबली नाही. मी सांगितलं होतं, मुठीला तेल नको. मी सांगितलं होतं, टोक टेकलं तरी पुरतं. माझं कुणी ऐकतं का या घरात? आणि तू, तू आजोबांना वर शाबासकी देतेस. नंदूने एकदाच उत्तर दिलं. "आई, मी फेक बाद करून घरी आले तेव्हा प्रत्येक माणसाने मला काहीतरी सांगितलं. आबा एकही शब्द बोलले नाहीत. मला वाटलं ते रागावलेत. ते बिचारे टोकाचा विचार करत होते." एवढं बोलून ती झोपली. या मुलीला झोप कशी येते?

मैदानावर क्रांती प्रेक्षकांत बसली. खाली नंदू मांडणीवरचा एकेक भाला उचलून हातात फिरवत होती, ठेवत होती, बाजारात वांगी निवडावीत तशी. शेवटी एक पिवळा घेतला. पहिली फेक जवळच पडली. दुसरी लांब गेली, पण आडवी पडली आणि लाल झेंडा वर झाला. क्रांतीने डोळे मिटले. तिसऱ्या फेकीनंतर नंदूने कोपर चोळलं. चोळलं की नुसता घाम पुसला? इतक्या लांबून कळेना. क्रांती उठून कठड्यापाशी गेली, सुरक्षारक्षकाने परत बसवली.

चौथ्या फेकीला नंदू धावायला लागली आणि नेमका पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ फोनवर बोलत उठून उभा राहिला. क्रांतीला त्याच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही.

"अहो, बसा ना! बसा खाली!"

"जरा थांबा, बाई, रेंज नाही."

तो बसला तेव्हा भाला पडून गेला होता. पांढरा झेंडा वर होता. खाली रविराज सरांनी डोक्यावरची टोपी काढून गवतावर आपटली. सर टोपी आपटतात ती रागाने की आनंदाने, हे क्रांतीला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. पाटीवर आकडा येईपर्यंत तिने त्या गृहस्थाच्या पाठीकडे इतकं रोखून बघितलं की त्याने वळून, "काय झालं?" विचारलं. आकडा आला. ठरलेल्या अंतराच्या पलीकडे, वीतभरच, पण पलीकडे. पुढच्या फेकींत कुणी तिला मागे टाकलं नाही. संध्याकाळी संघातली नावं वाचून दाखवली, त्यात राजनंदिनीचं नाव होतं. जन्मात एकदा जी फेक बघायला हवी होती ती तेवढी क्रांतीची हुकली.

फोन नंदूनेच लावला.

"रुतला का?" आबांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"रुतला की, आबा."

"बघ! म्या म्हणलं न्हवतं?" मग पलीकडे काही वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. क्रांतीने खरं काय ते सांगून टाकण्यासाठी फोन हातात घेतला होता. तो आवाज ऐकला आणि ती म्हणाली, "आबा, जेवलात का?" असं का म्हणाली याचा तिला स्वतःचाच राग आला.

तो राग पुढे चांगलाच पिकला. नंदूचा नवा भाला क्रांतीने परस्पर सातारला सरांकडे ठेवायला लावला, घराची पायरीसुद्धा दाखवली नाही. घासलेला भाला खुंटीवर परत गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आबा तो काढून दाखवू लागले. "ह्योच भाला. टोकाला हात लावू नगा, कापतंय." क्रांतीने चहा आणायचा आणि ओठ मिटून उभं राहायचं. महिन्याभरात गल्लीतली प्रांजल शाळेचा भाला घेऊन धार लावायला दारात हजर झाली. "आबा म्हणाले, रुतंल." क्रांतीने तिला तिथेच बसवून, कागदावर आकृती काढून, टोक, शेपूट, वजन, सगळा नियम शिकवला. मुलगी शहाण्यासारखी मान हलवत होती. जाताना म्हणाली, "पण मग राजनंदिनीताईचा कसा काय चालला?"

सरावाच्या शिबिराला जाण्याआधी नंदू घरी आली, तेव्हा आबांनी हट्ट धरला. एकदा तरी त्यांच्या डोळ्यांदेखत तिने तो भाला फेकायचा. टीव्हीवरचं काही खरं नसतं म्हणाले. सगळे रानात गेले. उसाच्या नव्या लावणीअलीकडे नांगरून ठेवलेला मोकळा तुकडा होता.

"आबा, पलीकडे आपलं ठिबक अंथरलंय," क्रांती म्हणाली.

"आगं, तितवर कुठनं जातोय? म्या काय अंदाज घेतला न्हाई व्हय?" त्यांनी काठीने लांबवर दाखवलं. "लय झालं तर त्या बांधापतूर."

नंदूने चप्पल काढली. ढेकळांतून धावता येईना म्हणून चार ढांगाच टाकल्या. क्रांती भाल्याकडे बघत नव्हती, तिचे डोळे कोपरावर होते. हात मागून वर आला, ताणला गेला, सुटला, आणि सहज खाली आला. नंदूने कोपर धरलं नाही. चोळलंही नाही. हात डोळ्यांवर धरून ती भाल्याच्या मागे बघत उभी राहिली. क्रांतीच्या छातीतलं वर्षभराचं काहीतरी मोकळं झालं.

भाला बांधावरून पुढे गेला. आणखी पुढे गेला. उसाच्या लावणीत सरळ उभा रुतला आणि थरथरत राहिला.

"रुतला!" आबा लहान पोरासारखे ओरडले. "सूनबाई, बघितलंस? रुतला का न्हाई?"

भाल्याच्या बुडाशी आधी एक बारीक फवारा उडाला, मग चांगला पुरुषभर उंच गेला. ठिबकची नळी आरपार फुटली होती. बोथट टोक असतं तर नळीला नुसता ओरखडा आला असता.

"आबा, मी काय सांगितलं होतं?"

"आसंच रुतला आसंल तिथं, न्हाई?" आबा नंदूला विचारत होते.

"व्हय, आबा. आस्साच."

क्रांतीने साडी वर खोचली आणि वॉल्व बंद करायला चिखलातून निघाली.